मधल्या धारेतलं जेवण

"अबे, हे बंद होऊन नाही राह्यलं," मामा डोहाच्या मधोमध बोंबलत होता. "काठावरून तमाशा काय पाहून राह्यले? सांगा ना कोनी, कायले हात लावू?"

सांगणार कोण? मोटारीला हात लावलेला आमच्या अख्ख्या गोतावळ्यात एकच माणूस होता, आणि तोच त्या वेळी तांबड्या होडीत बसून गरगर फिरत होता. मामा दिग्रसच्या एका जिनिंगात फिटर होता. सरकी काढायचं यंत्र तो डोळे मिटून खोलायचा आणि गप्पा मारता मारता जोडायचा. पण पाण्यावरच्या मोटारीनं त्याला ओळखच दाखवली नाही. त्यानं इतके फेरे घातले, की डोहाच्या मध्यावर पाणी खोलगट झालं आणि धुणं धुणाऱ्या बायांची लुगडी दगडावरून सुटून त्याच्यामागे निघाली. एक हातभर मासा चक्कर येऊन काठावर पडला. तो आम्ही संध्याकाळी रांधून खाल्ला, तर खाणाऱ्या प्रत्येकाला खाटेवर पडल्यावर घर फिरताना दिसलं. शेवटी तेल संपलं तेव्हा मोटार आपली आपण थांबली. मामा काठाला लागला आणि अगदी साहेबासारखा म्हणाला, "यंत्र चांगलं हाय. घ्या."

हा सगळा गोंधळ चालू असताना माय दुसऱ्या होडीत बसली होती. ती होडी पांढरी, रुंद, बुडाला सपाट, एखादी मोठी परात पाण्यावर ठेवावी तशी. मायनं आधी मांडी घातली. मग एक गुडघा उभा केला, चुलीपुढे बसतात तसा. उजव्या हातानं समोरचं लाकूड सारल्यासारखं केलं, डाव्या हातानं नसलेली परात जवळ ओढली आणि हवेत भाकर थापली. मग पाय पसरले, पाठ टेकली आणि थोडी आडवीसुद्धा झाली. काठावरची पोरंसोरं मामाला सोडून तिलाच हसायला लागली.

"काय करून राह्यली व?" बाबांनी विचारलं.

"मापून राह्यली," माय म्हणाली.

काय मापत होती ते समजायला आमची नदी, आमची ताई आणि आमची आत्या, तिघींची माहिती हवी.

आमचं गाव ढाणकीच्या खाली, पैनगंगेच्या काठाला. पलीकडच्या काठाला ताईचं सासर, अगदी समोरासमोर. म्हातारी माणसं पलीकडच्या मुलखाला अजून मोगलाईच म्हणायची, जरी महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती आणि दोन्ही काठांचे तलाठी एकसारख्याच टोप्या घालत होते. बाबांनी ताईला पलीकडे दिली ती मुद्दाम. म्हणाले, लेक डोळ्यांपुढे राहील. राहिलीही. ती पाण्याला आली की तिचं हिरवं लुगडं आम्हाला दिसायचं. उन्हाळ्यात वरच्या उतारातून गुडघाभर पाण्यातून जाता यायचं. पावसाळ्यात मात्र नदी अशी फुगायची, की चार महिने इकडची चिमणीसुद्धा तिकडे जायची नाही. भोयाचा एक जुना डोंगा होता, पण त्यात शिंकलं तरी पाणी आत यायचं, आणि आषाढात भोई स्वतःच त्याला उलटा घालून त्याच्यावर झोपायचा.

त्या चार महिन्यांत माय आणि ताई ओरडून बोलायच्या. दोघींचे आवाज असे, की मधल्या धारेतल्या माशांनाही घरची बित्तंबातमी असायची. रोजचं बोलणं तेच. ताई तिकडून ओरडायची, "जेवली का व माय?" माय इकडून ओरडायची, "जेवली. तू?" मग दोघी आपापला हंडा उचलून घरी जायच्या.

आणि जेवणाचीच तर सगळी अडचण होती. आमच्याकडे लेक दिली, की तिच्या पोटी मूल होईस्तोवर मायबापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. अन्न राहो, पाणीही नाही. ताईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलला नव्हता. माय तिच्याकडे जायची ती पितळी गडूत घरचं पाणी घेऊन. ओसरीवर बसायची, लेकीच्या केसांतून हात फिरवायची, आपल्या गडूतलं पाणी प्यायची आणि उपाशी परत यायची. आतमध्ये ताईच्या चुलीवर काहीतरी शिजत असायचं, त्याचा वास ओसरीवर यायचा. त्याला मात्र काही बंदी नव्हती.

दुसऱ्या घरांत ही रीत सैल व्हायला लागली होती. आमच्या घरी आत्या होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणी कुंकू पुसलेलं, तेव्हापासून आमच्याच घरी. माय तिला आक्का म्हणायची. कोणत्या दिवशी काय खायचं, कोणाच्या हातचं घ्यायचं, कोणत्या दिशेला तोंड करून जांभई द्यायची, सगळं आत्याला पाठ होतं. पितरांच्या पानाला कावळा शिवायचा तोसुद्धा आधी आत्याकडे पाहून.

एका दिवाळीला ताई माहेरी आली आणि सरळ आत्यापुढेच बसली. म्हणाली, "आत्या, एक डाव मले मायले जेवू घालायचं हाय. माह्या हातचं, माह्या मळईतल्या वांग्याचं. त्याले काही मार्ग सांग."

आत्या तूर पाखडत होती. तिनं आधी सूप रिकामं केलं. ताई उठली नाही. मग आत्या म्हणाली, "घर म्हंजे काय? चार भिती आन् एक चूल. मधल्या धारेत कोनाचं घर हाय?"

"कोनाचंच नाही."

"मंग तिथं रांध. शेगडी तिथंच पेटवजो, पानी नदीचं घेजो. तिथंच खा. उरलं तं नदीले द्या, कोन्या काठाले आनू नोका."

"आन् वांगे?"

आत्यानं विचार केला. "मळईतले असले तं चालते. मळईचा गाळ नदीनं आनला, तो नदीचाच, आज हाय आन् उद्या नाही. पन पीठ माहेरचं पाह्यजे."

"वाळूच्या बेटावर बसलं तं?" मी मध्येच तोंड घातलं.

"वाळूले मालक असते," आत्या म्हणाली. "धारेले नसते."

ताई हसली ती अशी, की मायनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं म्हणून. कज्जा जिंकलेल्या माणसासारखी ताई उठली आणि मायच्या गळ्यात पडली. तेव्हापासून आमच्या घरात मधल्या धारेतल्या जेवणाची गोष्ट सुरू झाली. भरीत करायचं, कळण्याची भाकर करायची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. ताई काठावर उभी राहून मधूनमधून ओरडायची, "वांगे लागले व माय." आणि माय इकडून, "जपून ठेवजो."

फक्त होडी नव्हती.

ती आली मोजणीवाल्यांच्या मागून. आमच्या डोहाच्या वर एका हिवाळ्यात राहुट्या पडल्या. नागपुराकडचे साहेब लोक नदीचं पाणी मोजायला आले होते. कुठं धरण बांधता येईल का, असं काहीतरी. त्यांनी नदी लांबीनं मोजली, रुंदीनं मोजली, खोलीनं मोजली, आणि मोजून झाल्यावर नदीला न विचारता निघून गेले. मागे त्यांच्या ठेकेदाराजवळ दोन छोट्या मोटारीच्या होड्या राहिल्या. ठेकेदाराचा माणूस बाबांना म्हणाला, दोन्हीतली कोणतीही एक घ्या, दुसरी मी तळ्यावरच्या एका शेठला देतो. त्या साली कपाशी चांगली झाली होती. बाबा म्हणाले, पाहू.

"कायच्या हायेत ह्या?" आत्यानं विचारलं. ना लाकूड, ना पत्रा.

"काचेच्या धाग्याच्या," तो माणूस म्हणाला. "काचेचे धागे अन् राळ. नवीन निघालंय."

"काचेच्या?" आत्या दोन पावलं मागे सरली. "गाडगं घ्या बाप्पा, एखांदवेळ तरंगल. काच घेऊ नोका. बांगडीवानी फुटल आन् सगळे बुडान."

त्या माणसानं दगड उचलून होडीवर हाणला. दगड उडून त्याच्याच गुडघ्याला लागला, होडीवर चरासुद्धा पडला नाही. आत्याला ते पटलं नाही, पण त्याचं लंगडणं पाहून ती पुढे काही बोलली नाही.

तांबडी होडी अरुंद, लांबट, टोकाला सुरीसारखी. एकामागे एक तीन बैठका, त्या बुडाशी एकजीव केलेल्या. मोटार दांडगी. पांढरी ती परातीसारखी, आणि तिची मोटार म्हणजे एखादा दम्याचा म्हातारा. कोणती घ्यायची यावर त्या दिवशी काठावर जेवढा वाद झाला, तेवढा ताईचं स्थळ पाहतानाही झाला नव्हता.

"तांबडा डोंगा," मामा म्हणाला. अजून त्याला धड उभं राहता येत नव्हतं. "यंत्र पाहून माल घ्यावा. पांढऱ्याची मोटार म्हंजे नुसती खोकून राह्यली."

मीही तांबडीच म्हणालो. मिसरूड फुटून दोन-तीन वर्षं झालेल्या माणसाला पांढरी परात कोण विचारतो?

माय म्हणाली, "पांढऱ्यात दोघी बसून रांधता येते. मधात शेगडी ठेवता येते. खाली घमेलंभर वाळू घातली, की आगीचं भेव नाही."

"जेवन कवाही होईल," बाबा म्हणाले. ते रागानं बोलले नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच होतं, आणि ते आम्हालाही माहीत होतं. मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या काठाला एक बैलगाडी दिवसभर उभी होती. गाडीत साप चावलेला माणूस. डॉक्टर आमच्या बाजूला, ढाणकीत, आणि मध्ये नदी. बाबा इकडच्या काठावर उभं राहून ती गाडी पाहत राहिले होते. दिवस बुडताना तिकडचे लोक गाडी वळवून परत गेले. "पुरात पोरीले आनायची येळ आली तं? पांढऱ्याले धार तेलंगणात नेऊन टाकल. तांबडा धार चिरून जाईन. मी पोरीसाठीच घेऊन राह्यलो ना व."

"मी बी पोरीसाठीच सांगून राह्यली," माय म्हणाली.

"जेवन कवाही होते."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, ती काचेच्या भांड्यात पाय ठेवणार नाही, तेव्हा तिला विचारू नका. दुसऱ्या दिवशी पांढरी होडी ट्रकवर उलटी चढली आणि धुळीतून गेली. माय शेण थापत होती. तिनं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा थापायला लागली.

तांबडी होडी मात्र आमच्या घरात जावयासारखी राहिली. बाबांनी तिला हार घातला, टोकाला कुंकू लावलं, दर रविवारी अख्ख्या घराला तीन-तीनच्या खेपांनी फिरवून आणायचे. मोटार सुरू झाली, की गावातली कुत्री ढाणकीच्या रस्त्याला लागायची. त्यातलं एक थेट बाजारात पोचलं आणि तिथंच एका हलवायाच्या दुकानी स्थायिक झालं. मी आठ दिवसांत असा तरबेज झालो, की डोहात सापाचं नागमोडी चालणं काढून दाखवायचो, आणि खरे साप काठावर येऊन पाहत बसायचे.

चैत्रात ताईनं ठरवलं, याच होडीत जेवण करायचं. "अरुंद हाय तं हाय," म्हणाली. "मी सांभाळून बसीन."

मी मागे मोटारीशी, मधल्या बैठकीवर ताई, पुढच्या बैठकीवर माय तोंड आमच्याकडे करून. दोघींच्या मध्ये घमेलं, घमेल्यात वाळू, वाळूवर शेगडी. होडी इतकी अरुंद, की घमेलं बुडाला टेकलंच नाही, दोन्ही कडांवर अडकून राहिलं. आत्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी. ते जेवण घराचं होऊ नये याची राखण करायला. मी मधल्या धारेत मोटार बंद केली. ताईनं कोळसे पेटवले, दोन वांगी निखाऱ्यावर ठेवली. टपोरी, काळीशार, मळईतली. भाजायचा वास सुटला तसा मायचा चेहराच बदलला. मला आठवतं, तिनं पदर सावरला, लग्नाच्या पंगतीत बसताना सावरतात तसा.

निखारे जरा मंद झाले म्हणून माय फुंकर घालायला वाकली. तेवढंच. होडीनं कूस बदलली, घमेलं घसरलं, शेगडी, वाळू, निखारे, पिठाचं गाठोडं, सगळं पाण्यात. चर्र झालं, वाफ उठली, आणि नदी जणू एकदम उकळली. मी म्हणतो, त्या जागेच्या माशांना पुढे सात पिढ्या मिशा आल्या नाहीत.

ताई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. अर्धं भाजलेलं एक वांगं पाण्यावर हेलकावत होतं, ते तिनं हात लांब करून धरलं. एका बाजूला जळकं, एका बाजूला कच्चं, सगळं ओलं. तिनं ते मायपुढे केलं.

"एवढं तरी खा ना व माय. एक घास."

मायनं काठाकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली. एवढ्या लांबून तिचा आवाज आला, "वांगं पान्यात पडलं. नदीनं घेतलं ते आता. नदीचं झालं."

माय थोडा वेळ वांगं हातात धरून बसली. मग तिनं ते पाण्यावर हलकेच सोडलं, दिवा सोडतात तसं.

काठाला लागल्यावर बाबा ताईला म्हणाले, "दिवाळीनंतर रुंद डोंगा बांधू. तुहा मामा पत्र्याचा बांधून देईन. त्यात तू लग्नाचा सैपाक कर."

"मले काय घाई हाय," ताई म्हणाली. "मी कुठं पळून चालली."

तो पावसाळा नेहमीसारखाच आला. नदी फुगली, भोई डोंग्यावर झोपला, मायलेकींचं ओरडणं सुरू झालं. श्रावणात एके दिवशी पलीकडे हिरवं लुगडं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माय हंडा भरून तशीच उभी राहायची. मग एका दुपारी पलीकडे भाऊजी दिसले, ताईचे नवरे. ते धोतराचा सोगा हलवत ओरडत होते. नदी इतकी गरजत होती, की सगळ्या ओरडण्यातून एकच शब्द अलीकडे पोचला. ताप.

बाबांनी मला हाक मारली नाही, मी आधीच होडीची दोरी सोडत होतो. माय गडू घेऊन धावत आली आणि पुढच्या बैठकीवर बसली.

"तू बसली तं तिले कुठं बसवू?" बाबा म्हणाले. "हा चालवायले पाह्यजे, मी धरायले पाह्यजे. तिसरी जागा तिची हाय."

माय उतरली. उतरताना तिनं गडू माझ्या हातात दिला. "माहेरचं पानी हाय. पाज तिले."

तो पूर मी पाहिला तसा पुन्हा कोणी पाहिला नसेल. अख्खं उंबराचं झाड वाहत आलं, त्यावर बसलेली माकडं उंबरं खात होती आणि आमच्याकडे पाहून टाळ्या पिटत होती. गंजी वाहत आली, गंजीवर कोंबडा. आम्ही इतके खाली ओढले गेलो, की माझ्या कानावर तेलुगू बोलणं पडलं. तिथून मी तांबडी होडी वळवली आणि ती धार चिरत गेली. बाबांनी सांगितलं होतं अगदी तशी, सुरीसारखी. त्या दिवशी बाबांचं म्हणणं खरं ठरलं. पांढरीला ते जमलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तोंड पिवळं, ओठ सुकलेले. मी तिच्या उशाशी बसलो आणि माकडांची गोष्ट सांगितली. कोंबड्याचीही सांगितली. तिनं डोळे उघडले.

"टाळ्या पिटल्या?" ती म्हणाली.

"दोन्ही हातानं."

"मंग झाड कायनं धरलं होतं?"

"शेपटीनं."

ती थोडी हसली. मी गडू तिच्या तोंडाला लावला. दोन घोट गेले. मग ती म्हणाली, "माय आली?"

"जागा नव्हती ना ताई. तीनच बैठका. एक तुह्यासाठी रिकामी आनली."

"तिले बसवायचं मंग. मी तं इथंच हाय." बराच वेळ ती श्वास घेत राहिली. "जेवली का ते?"

"जेवली," मी म्हणालो.

आम्ही तिला बाजेवर घालून काठाशी आणलं. मधल्या बैठकीवर बसवली, बाबांनी मागून धरली. तिची मान खाली पडली. पुन्हा बसवली, ती कडेला घसरली. तिला बसवत नव्हतं. तिला निजायचं होतं, आणि त्या होडीत निजायला जागा नव्हती. लांबी भरपूर, पण मध्ये मध्ये त्या बैठका, विटांसारख्या पक्क्या. मला पांढऱ्या होडीत पाठ टेकून आडवी झालेली माय आठवली. बाबांनाही आठवली असावी. त्यांनी भाऊजींच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि मधली बैठक तोडायला लागले. काचेच्या धाग्याची होडी. आत्या म्हणाली होती बांगडीसारखी फुटेल. बाबा घाव घालत होते आणि कुऱ्हाड उडत होती. घाव घातले, किती घातले, होडीवर पांढरे ओरखडे उठले, बैठक हलली नाही. पाऊस सुरू झाला. ताईच्या सासूनं बाजेवर घोंगडी धरली आणि म्हणाली, "राहू द्या दादा. पोरगी भिजून राह्यली. पानी उतरलं की गाडीनं उताराकडून नेऊ."

आम्ही तिला घरी नेली. पाणी उतरलं नाही. उजाडायच्या आत ताई गेली.

सकाळी पाऊस थांबला होता. नदीचा आवाज थोडा खाली आला होता. बाबा आणि मी काठावर होडीजवळ उभे होतो, आणि पलीकडून मायचा आवाज आला. तिला आमची टोपी-धोतरं दिसली असावीत.

"जेवली का व ते?"

बाबांनी दोन्ही हात तोंडाशी नेले, ओरडायला नेतात तसे. हात तसेच राहिले. मायनं पुन्हा विचारलं नाही. मी होडी घेऊन तिला आणायला गेलो. ती मधल्या बैठकीवर बसली, ताईच्या जागेवर. कुऱ्हाडीच्या ओरखड्यांवरून तिनं एकदा हात फिरवला.  एवढी गप्प नदी मी कधी ओलांडली नव्हती.

तेरवी पलीकडेच झाली. आत्यालाही न्यायचं होतं. ती काचेच्या भांड्यात पाय ठेवणार नाही म्हणाली होती. त्या दिवशी ती चढली आणि दोन्ही हातांनी कडा धरून बसली.

ताईच्या घरासमोर मांडव होता. पंगत बसली. घराच्या मागे ताईनं उन्हाळ्यात लावलेली वांग्याची झाडं होती, त्यांचीच भाजी होती. वरणभात होता, बुंदी होती. ताईची सासू वाढत होती. वाढता वाढता ती मायपुढे आली आणि थबकली. एवढ्या वर्षांत या घरात मायपुढे कधी पान मांडलंच नव्हतं. सवयीनं माय ओसरीच्या कडेला बसली होती, मांडीशी पितळी गडू. तो भरून आणला होता. बाबांनीही आपल्या पानाला अजून हात लावला नव्हता. सासूनं डोळ्यांना पदर लावला, मग वाकून मायपुढे पत्रावळ ठेवली आणि वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी.

माय पानाकडे पाहत राहिली. वांग्याच्या भाजीतून वाफ निघत होती.  मायनं एक हात पुढे केला, पानाच्या कडेला टेकवला आणि तिथंच धरून ठेवला. मग तिनं मान वळवून शेजारच्या पानावर बसलेल्या आत्याकडे पाहिलं.

"आक्का," ती म्हणाली, "जेवू का मी?"

आत्यानं आपल्या पानावरचा भात कालवायला घेतला होता. तिनं वर पाहिलं नाही.

"जेव," ती म्हणाली. "आता हे लेकीचं घर राह्यलं नाही."